पैनगंगेच्या दोन तीरांवरचा मतदार

यवतमाळ जिल्ह्याचा नकाशा आपल्या शाळेच्या भिंतीवर असेल तर त्याच्या दक्षिणेकडच्या टोकाकडे जरा पहा. पुसदच्या शेजारी, पैनगंगेच्या अलीकडच्या अंगाला, महागाव आणि उमरखेड हे दोन तालुके एकमेकांना लागून आहेत. महागावच्या कास्तकाराचा सातबारा यवतमाळ जिल्ह्यातला. त्याचा कलेक्टर यवतमाळला बसतो, त्याचा महसुली विभाग अमरावतीचा. आमदारासाठी तालुक्यातला पुष्कळसा मतदार उमरखेड मतदारसंघात मत टाकतो. इथपर्यंत सारे सरळ आहे. पण लोकसभेची निवडणूक आली की हाच मतदार हिंगोलीचा खासदार निवडतो. हिंगोली नदीच्या पलीकडे, मराठवाड्यात! यवतमाळच्या नावाचा लोकसभा मतदारसंघ आहे, तो वाशीमशी जोडलेला आहे, आणि त्यात महागाव नाही.

वर्गात हा विषय निघाला म्हणजे मुले हमखास विचारतात, “सर, हे असे तिरपे का?” ह्या प्रश्नाचे एका वाक्यात उत्तर देता येते, की लोकसंख्येचा हिशेब जुळवण्यासाठी. उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. मतदारसंघ म्हणजे कागदावर मारलेली एक रेघ. ती रेघ कोणी मारली, कोणाला मोजून मारली आणि कोणाला न मोजता मारली, हे पाहिल्याशिवाय तिचा अर्थ कळत नाही. महागावच्या बाबतीत ही गोष्ट फार मागे जाते. मतपेटी नावाची वस्तू ह्या मुलखाने पाहिली नव्हती, तेव्हापासून ती सुरू होते.

सुरुवात हिंगोलीपासूनच करू. इंग्रज आणि हैद्राबादचा निजाम ह्यांच्यातल्या करारांमुळे निजामाच्या खर्चाने एक फौज ठेवलेली होती. हिला हैद्राबाद कंटिंजंट म्हणत. हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, पगार निजामाचा. ह्या फौजेची एक मोठी छावणी हिंगोलीला होती. पगार थकत गेला, कर्ज वाढत गेले, आणि १८५३ साली कंपनी सरकारने त्या कर्जापोटी निजामाकडून वऱ्हाड प्रांत आपल्या कारभाराखाली घेतला. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा, असा तो विचित्र व्यवहार होता. आपल्याकडे गहाण टाकलेले वावर सावकार वाहतो, पण फेरफार होत नाही. तसेच म्हणा ना. त्या दिवसापासून पैनगंगा ही नुसती नदी राहिली नाही. अलीकडे इंग्रजी अंमल, पलीकडे निजामी. महागावचा माणूस रेणुकेच्या दर्शनाला माहूरगडावर निघाला की नदी ओलांडताना राज्यही ओलांडत असे. सोयरिकी दोन्ही तीरांवर होत होत्या, बाजार दोन्हीकडचे चालत होते. नाणे, कचेरी आणि कायदा मात्र वेगळा.

१९०२ साली लॉर्ड कर्झनने हा व्यवहार पक्का केला. वर्षाला २५ लाख रुपये निजामाला द्यायचे आणि वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने आपल्याकडे ठेवायचे. पुढच्याच वर्षी वऱ्हाडचा कारभार नागपूरच्या मध्यप्रांताला जोडला गेला. १९०५ साली जिल्ह्यांची फेरमांडणी झाली. वाशीम हा तोवर स्वतंत्र जिल्हा होता, तो मोडला. त्यातला पुसद तालुका उचलून वणी जिल्ह्याला लावला, आणि वणी जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. महागाव आणि उमरखेड हे दोन्ही भाग तेव्हा पुसद तालुक्यात होते. म्हणजे महागाव यवतमाळचे झाले तेच मुळी १९०५ साली, आणि तेही वाशीमकडून. जिल्हा म्हणजे अनादि काळापासूनची वस्तू, असे आपण धरून चालतो. ती तशी नसते.

आता मताची गोष्ट. १९१९ च्या सुधारणा कायद्याने प्रांतोप्रांती कौन्सिले वाढली आणि काही लोकांना मताचा हक्क मिळाला. जमीन, कर किंवा तत्सम ऐपत असलेल्यांनाच तो होता. शेतमजूर, कूळ, तांड्यावरचा माणूस ह्यांचा त्यात प्रश्नच नव्हता. पण वऱ्हाडात आणखी एक गंमत झाली. वऱ्हाड कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हता. मालकी निजामाचीच होती. मग वऱ्हाडचा माणूस ब्रिटिश हिंदुस्थानच्या कौन्सिलात ‘निवडून’ कसा जाणार? ह्यावर जी तोड काढली ती कायदेपंडितांच्या डोक्यातूनच निघू शकते. वऱ्हाडात निवडणूक घ्यायची, लोकांनी मते द्यायची, जो निवडून येईल त्याचे नाव सरकारने घ्यायचे आणि त्याची ‘नेमणूक’ करायची! निवडून आलेला माणूस कागदोपत्री सरकारनियुक्त. दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळातही वऱ्हाडच्या सभासदाची हीच तऱ्हा होती. तिथे वऱ्हाडचे प्रतिनिधी म्हणून बसत होते लोकनायक बापूजी अणे. वणीला जन्मलेले आणि यवतमाळला वकिली केलेले अणे त्या सभेच्या कामकाजात ‘वऱ्हाडचे प्रतिनिधी’ म्हणूनच नोंदले गेले आहेत.

ह्या सोपस्काराला हसू येते खरे. पण त्यामागचे सत्य हसण्यासारखे नव्हते. मत दिले तरी ते मोजायचे की नाही हे दुसऱ्याच्या हाती होते. म्हणूनच की काय, ह्या मुलखातल्या सामान्य माणसाचा राजकारणाशी पहिला खरा संबंध मतपेटीजवळ आला नाही, तो जंगलात आला. १९३० च्या जुलैत, मिठाचा सत्याग्रह देशभर गाजत असताना, समुद्र नसलेल्या वऱ्हाडाने आपल्यासाठी जंगल निवडले. अण्यांच्या नेतृत्वाखाली पुसदच्या राखीव जंगलात गवत कापून कायदा मोडला गेला. गवताचा भारा हा कौन्सिलातल्या भाषणापेक्षा कास्तकाराला जास्त कळत होता. गुराला चारा आणि चुलीला सरपण ह्यांसाठी रेंजरच्या हातापाया पडणारा माणूसच तिथे गोळा झाला होता, आणि त्यांतल्या बहुतेकांना मताचा हक्क नव्हता.

१९३५ च्या कायद्याने ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ असा एक प्रांत धरून ११२ जागांची विधानसभा झाली. १९३७ साली तिच्या निवडणुका झाल्या, आणि नेमणुकीचा जुना सोपस्कार संपला. निजामाचा मान राखण्यासाठी त्याच्या थोरल्या चिरंजीवांना ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मात्र देण्यात आली. मताधिकार वाढला, तरी तो ऐपतीला आणि शिक्षणाला बांधलेलाच राहिला.

ती बांधणी सुटली १९५२ साली. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत २१ वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषाला मत मिळाले. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर. त्या विधानसभेत २३२ जागा होत्या, पण मतदारसंघ १८४ च. कारण ४८ मतदारसंघ दोन-दोन सभासदांचे होते. अशा मतदारसंघात मतदाराला दोन मते, एक जागा सर्वसाधारण आणि दुसरी राखीव. मतदानाची रीतही आजच्यासारखी नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचे चिन्ह. काँग्रेसची बैलजोडी, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती. मतदाराने शिक्का मारायचा नाही, काही लिहायचे नाही. हातातली पत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायची. अक्षरशून्य माणसाला मत देता यावे म्हणून केलेली ही साधी युक्ती होती. त्याच मतदार-याद्या करताना देशभर सुमारे २८ लाख बायकांची नावे गाळावी लागली. त्यांनी आपले नाव सांगितले नाही, ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगितले. ही नावे बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतली होती. तरीपण शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हा आकडा वर्गात अवश्य सांगावा. मताचा हक्क कायद्याने मिळतो, पण तो बजावायला आधी स्वतःचे नाव असावे लागते.

दोन सभासदांच्या मतदारसंघाचा शेवट कसा झाला तेही सांगून टाकतो. १९५७ साली आंध्रातल्या पार्वतीपुरम ह्या लोकसभेच्या मतदारसंघात पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी उभे होते. तिथे एक जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव होती. राखीव जागा एका आदिवासी उमेदवाराला मिळाली, आणि उरलेल्यांत जास्त मते दुसऱ्या आदिवासी उमेदवाराला होती म्हणून सर्वसाधारण जागाही त्यालाच मिळाली. गिरी सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि हरले. न्याय बरोबरच होता. पण दोन वर्षांत, म्हणजे १९६१ मध्ये, संसदेने हे जोड-मतदारसंघच रद्द केले. तेव्हापासून एक मतदारसंघ, एक सभासद.

पुन्हा आपल्या मुलखाकडे येऊ. १९५२ साली पुसदहून नागपूरच्या विधानसभेवर गेले वसंतराव नाईक. पुसद तालुक्यातल्या गहुली ह्या गावी, बंजारा कुटुंबात, १९१३ साली त्यांचा जन्म झाला. त्याआधी ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष होते. त्याच निवडणुकीत नदीपलीकडे काय चालले होते? माहूर आणि किनवट तेव्हा हैद्राबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होते. म्हणजे महागावच्या माणसाने मत दिले नागपूरच्या सभेसाठी आणि समोरच्या तीरावरच्या त्याच्या साडूने हैद्राबादच्या सभेसाठी. निजामी अंमल १९४८ च्या सप्टेंबरात संपला होता. त्याआधीच्या लढ्यात सीमेलगत वऱ्हाडच्या बाजूला सत्याग्रहींची शिबिरे चालली होती. अंमल संपला, पण रेघ राहिली.

ती पुसली गेली १ नोव्हेंबर १९५६ रोजी. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली विदर्भाचे वेगळे राज्य सुचवले होते. ते झाले नाही. विदर्भाचे आठ जिल्हे, मराठवाड्याचे पाच, गुजरात आणि मुंबई असे मिळून मोठे द्विभाषिक मुंबई राज्य झाले. किनवट-माहूरचा मुलूख आदिलाबादेतून निघून नांदेडला आला. विदर्भ वेगळा असावा की नसावा ह्या वादात ह्या व्याख्यानात शिरत नाही. पण तो वाद किती खोल होता ह्याची एक खूण सांगतो. बापूजी अणे १९६२ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी, नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. वेगळ्या विदर्भाचे ते खंदे पुरस्कर्ते होते.

वसंतराव नाईकांचे उदाहरण मला इतिहास शिकवताना फार उपयोगी पडते. माणूस एक, गाव एक, पुसद हे मतदारसंघाचे नाव एक. पण १९५२ ला निवडून गेले ते मध्य प्रदेशच्या विधानसभेवर, १९५७ ला मुंबई राज्याच्या आणि १९६२ ला महाराष्ट्राच्या. दहा वर्षांत तीन विधानसभा! मतदार जागचा हलला नाही, राज्य त्याच्या अंगावरून सरकत गेले. पुढे ५ डिसेंबर १९६३ पासून २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत तेच महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. १९७७ साली ते लोकसभेवर गेले, ते मात्र वाशीमहून. १९०५ साली तोडलेला पुसद-वाशीमचा सांधा निवडणुकीच्या नकाशाने असा पुन्हा जोडला.

आता मी ज्या मुद्द्यासाठी हे सारे सांगत आलो तो येतो. राज्याची रेघ पुसली, दोन्ही तीर एका राज्यात आले, म्हणून दोन्ही तीरांवरची माणसे कायद्याने सारखी झाली का? नाही झाली. आणि ह्याची कथा आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते.

पुसद, महागाव, उमरखेड ह्या भागात आणि पलीकडे कळमनुरी, हिंगोली, किनवट ह्या भागात आंध नावाची आदिवासी जमात राहते. भाषा एक, देवदेवस्की एक, सोयरिकी एकमेकांत. पलीकडचा भाग जुन्या हैद्राबाद राज्याचा. त्या राज्याच्या यादीत आंध ही अनुसूचित जमात होती, आणि मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावरही ती मान्यता टिकली. अलीकडे मात्र अनुसूचित जमातींची यादी तालुक्या-तालुक्याची होती. १९५६ साली सुधारलेल्या यादीत विदर्भापुरते कोणते प्रदेश होते? अमरावतीचा मेळघाट, चांद्याचे गडचिरोली आणि सिरोंचा, आणि यवतमाळ जिल्ह्यातले केळापूर, वणी आणि यवतमाळ हे तीन तालुके. पुसद तालुका त्यात नाही! यवतमाळ तालुक्यातला आंध किंवा गोंड हा आदिवासी. पण पुसद तालुक्यातला, म्हणजे महागावचाही, आंध किंवा गोंड कायद्याने आदिवासी नाही. आणि नदी ओलांडली की पुन्हा आदिवासी.

बहीण महागावच्या अंगाला दिली, भाऊ किनवटच्या अंगाला राहिला. एकाच आईची लेकरे. भावाच्या मुलाला शिष्यवृत्ती, राखीव जागेवर उभे राहण्याचा हक्क; बहिणीच्या मुलाला काही नाही. कारण काय, तर जुन्या अमलात कोणते तालुके आदिवासी मुलूख समजले जात आणि कोणते नाही, ह्याची कोणी एकेकाळी केलेली टिपणी. १८५३ ची रेघ नकाशावरून १९५६ साली गेली होती. यादीत ती जिवंत होती. मतदारसंघाशी ह्याचा संबंध असा, की राखीव जागा किती आणि कुठे हे यादीतल्या जमातींच्या शिरगणतीवरून ठरते. यादीत नसलेला आंध शिरगणतीत माणूस म्हणून मोजला जाई, आदिवासी म्हणून नाही. त्याचे वजन तेवढे कमी.

१९७६ साली संसदेने कायदा करून हे तालुक्यांचे बंधन काढून टाकले. तो कायदा १९७७ पासून अमलात आला, आणि महागावचा आंध व किनवटचा आंध कागदावर एक झाले. मधली २० वर्षे मात्र कोणी परत देऊ शकत नाही. ज्या मुलाने १९६० साली शाळा सोडली त्याला १९७७ च्या कायद्याचा काय उपयोग?

हाच प्रकार बंजारा समाजाच्या बाबतीत निराळ्या सीमेवर दिसतो. आपल्याकडे तांडे पुष्कळ. महाराष्ट्रात हा समाज विमुक्त जातींत मोडतो. तेलंगणात मात्र हाच समाज, लंबाडा ह्या नावाने, अनुसूचित जमातींत आहे. विमुक्त जातींसाठी विधानसभेत राखीव जागा नसतात. म्हणून वसंतराव नाईक असोत की १९९१ ते १९९३ मुख्यमंत्री राहिलेले त्यांचे पुतणे सुधाकरराव, दोघेही सर्वसाधारण जागेवरून लढले आणि जिंकले. ह्याचा अभिमान वाटतो हे खरे, पण प्रत्येक तांड्यावर वसंतराव जन्मत नाहीत.

आणखी एक न-मोजणे सांगितले पाहिजे, कारण उमरखेड मतदारसंघाचे आजचे रूप त्याच्याशी जोडलेले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. विदर्भातल्या खेड्याखेड्यांतून लोक गेले होते. पण केंद्राच्या यादीप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस हिंदू किंवा शीख असावा लागे. जो स्वतःला जनगणनेत बौद्ध म्हणवील, तो अनुसूचित जातींच्या मोजणीतून बाहेर. परिणाम असा, की १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जाती सुमारे ६ टक्केच दिसल्या, आणि २८८ जागांच्या विधानसभेत त्यांच्यासाठी १८ जागा राखीव राहिल्या. गावकुसाबाहेरची वस्ती तीच, विहिरीचा तंटा तोच. धर्माचा रकाना बदलला म्हणून माणसे मोजणीतून उतरली. राखीव जागेवर उभे राहायचे तर कागदावर बौद्ध म्हणवून चालत नसे. कोणासमोर केवढा पेच पडत असेल, विचार करा.

१९९० साली कायदा बदलला आणि बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झाला. २००१ च्या जनगणनेत हे प्रमाण सुमारे १०.२ टक्के आले. २८८ चे १०.२ टक्के काढा; २९ येतात. पुढच्या पुनर्रचनेत अनुसूचित जातींसाठी नेमक्या २९ जागा राखीव झाल्या. त्यांतली एक उमरखेड. २००९ च्या निवडणुकीपासून उमरखेड राखीव आहे. ‘अचानक राखीव कसा झाला?’ असे पारावर विचारणारे पुष्कळ भेटतात. अचानक काहीच झाले नव्हते, ५० वर्षांचा हिशेब उशिरा मांडला गेला होता.

ही जी पुनर्रचना मी म्हणतो ती १९ फेब्रुवारी २००८ पासून लागू झाली. तिच्यामागचा भागाकार वर्गात फळ्यावर करून दाखवण्यासारखा आहे. २००१ साली महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ९ कोटी ६९ लाख होती. तिला २८८ ने भागा. एका आमदारामागे सुमारे ३ लाख ३६ हजार माणसे येतात. यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २४ लाख ५८ हजार. तिला ह्या आकड्याने भागले की येतात ७.३. त्याआधी जिल्ह्यात आठ आमदार होते: वणी, राळेगाव, केळापूर, यवतमाळ, दिग्रस, दारव्हा, पुसद आणि उमरखेड. आठाचे सात झाले. सगळ्या विदर्भाच्या ६६ जागा होत्या, त्या ६२ झाल्या. मुंबई शहर-उपनगरांच्या ३४ च्या ३६ झाल्या. माणसे कामासाठी जिकडे गेली तिकडे जागाही गेल्या. कोरडवाहू पऱ्हाटीवर जगणाऱ्या मुलखाचे पोट भरत नाही म्हणून पोरगा पुण्या-मुंबईला जातो, आणि पुढच्या मोजणीत त्याच्या पाठोपाठ आमदारकीचाही एक तुकडा जातो. ह्यात कोणाचा कावा नाही, पण नुकसान होतेच.

जिल्ह्यातून दोन नावे नाहीशी झाली. केळापूर गेले आणि त्या जागी आर्णी हा अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ आला. दुसरे दारव्हा. दारव्हा म्हणजे काही आडगाव नव्हे. इंग्रजी अमलापासूनचे तालुक्याचे ठाणे, मूर्तिजापूर-यवतमाळ ह्या छोट्या रुळाच्या शकुंतला गाडीवरचे ठळक स्टेशन. १९८५ पासून २००४ पर्यंत इथून माणिकराव ठाकरे आमदार होते. २००४ साली संजय राठोड निवडून आले. त्याच वेळी शेजारच्या दिग्रसमधून संजय देशमुख आमदार होते. पुनर्रचनेत दारव्हा दिग्रसच्या पोटात गेले आणि २००९ साली हे दोन्ही आमदार एकाच दिग्रस मतदारसंघात एकमेकांसमोर उभे राहिले. जागा एक, विद्यमान आमदार दोन; त्यांत राठोड निवडून आले. निवडणूक निकालांच्या छापील अहवालांत दारव्ह्याचे नाव २००४ पर्यंत सापडते. पुढच्या अहवालात ते नाही. दारव्ह्याचे लोक होते तिथेच आहेत.

महागावच्या वाट्याला ह्या रचनेत उमरखेड आणि हिंगोली आले. किनवट, हदगाव, वसमत, कळमनुरी, हिंगोली आणि उमरखेड अशा सहा विधानसभा मतदारसंघांचा हा लोकसभा मतदारसंघ. माहूर किनवटमध्ये येते, महागाव उमरखेडमध्ये. १९५२ साली हैद्राबादच्या आणि नागपूरच्या सभेसाठी मत देणारी दोन तीरांवरची गावे आज एकाच खासदाराला मत देतात. गैरसोय नाही असे नाही. जिल्हा नियोजनाच्या कामाला यवतमाळला जायचे आणि खासदार गाठायचा नदीपलीकडे, ही ओढाताण आहेच, आणि ‘आम्ही ना इकडचे ना तिकडचे’ अशी कुरकूर महागावच्या बाजारात ऐकू येते. मला स्वतःला ती पूर्ण पटत नाही. यवतमाळपेक्षा माहूर महागावला जवळचे, पैनगंगेच्या पाण्याचा प्रश्न दोन्ही तीरांचा एकच, आंधांची वस्ती दोन्हीकडची. शिवाय लहानशा टोकाचे वजन कधी कधी फार मोठे असते. २०१४ साली हिंगोलीतून राजीव सातव निवडून आले ते अवघ्या १,६३२ मतांनी. इतकी मते तर महागाव तालुक्यातल्या दोन-चार मोठ्या गावांतही भरतील.

मतदारसंघांच्या सीमा आज आहेत त्या २००१ च्या जनगणनेवर बेतलेल्या आहेत. ८४ व्या घटनादुरुस्तीप्रमाणे राज्यांच्या जागांची एकूण संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे. त्या जनगणनेचे प्रगणक दारावर येतील तेव्हा बहुधा शिक्षकच असतील. रकाना भरताना ते नाव विचारतील, जात-जमात विचारतील, धर्म विचारतील, आणि पोरगा गावी आहे की पुण्याला, हेही विचारतील. मग भागाकार पुन्हा मांडला जाईल.